घरातला पोपट: पिंजरा, पोटपाणी आणि दुसरं घर

कुत्रा हजारो वर्षं माणसाच्या अंगणात वाढला, म्हणून त्याला माणसाचं घर कळतं. पोपटाचं तसं नाही. पिंजऱ्यात जन्मलेला कॉकाटील घ्या नाहीतर आफ्रिकन ग्रे घ्या, त्याचं शरीर आणि स्वभाव रानातल्या पोपटाचाच असतो. थव्यात राहायचं, लांबवर उडायचं, दिवसातले कित्येक तास खाणं शोधण्यात आणि सोलण्यात घालवायचे, लाकूड कुरतडायचं, नजरेआड गेलेल्या सोबत्याला हाका मारायच्या आणि अंधार पडला की गप्प झोपायचं, हे त्याचं आयुष्य. एवढं लक्षात ठेवलं तर पुढची बहुतेक कोडी आपोआप सुटतात. तो केकाटतो का, चावतो का, स्वतःचीच पिसं का उपटतो, या प्रश्नांची उत्तरं शोधत गेलं की यातलं काहीतरी त्याला मिळत नसल्याचं आढळतं.

आधी कायद्याचं बोलू, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. हिरव्या अंगाचा, लाल चोचीचा, नराच्या गळ्यात काळा-गुलाबी कंठ असलेला आपला पोपट, ज्याला घरोघरी मिठू म्हणतात, तो पाळता येत नाही. खांद्यावर लाल डाग असलेला मोठा पहाडी पोपट आणि जांभळट-लाल डोक्याचा टुईया यांनाही तोच नियम. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हे पक्षी संरक्षित आहेत आणि देशी पक्ष्यांच्या खरेदी-विक्रीवर १९९०-९१ पासून बंदी आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘आमच्या आजीकडे होता की’ हे खरं असतं, पण त्यानं कायदा बदलत नाही. रस्त्याकडेला चिठ्ठी उचलायला लावणाऱ्या ज्योतिष्याच्या पिंजऱ्यातला पोपटही याच कायद्यात येतो.

कायदा बाजूला ठेवला तरी मिठू विकत घेऊ नये, असं मी ठामपणे सांगेन. हे पक्षी झाडाच्या ढोलीत अंडी घालतात. आपल्याकडे हिवाळ्याच्या शेवटापासून उन्हाळ्यापर्यंत पिल्लं असतात आणि त्याच दिवसांत ती बाजारात येतात. पिल्लं काढायला ढोलीचं तोंड कुऱ्हाडीनं मोठं केलं जातं. पोपट बहुतेक वेळा सुतार किंवा तांबट पक्ष्यांनी कोरलेली ढोली वापरतो, त्यामुळे तोडलेली ढोली म्हणजे पुढच्या वर्षांचंही घर गेलं. डोळे नीट न उघडलेली पिल्लं पिशव्यांत, करंड्यांत कोंबून आणतात आणि वाटेतच त्यातली बरीच मरतात. दुकानात दिसतो तो त्यातून जगलेला पक्षी.

‘मग परदेशी घ्यावा, त्याला काही बंधन नाही’ हेही अर्धवट ऐकीव आहे. परदेशी पोपटांच्या बहुतेक जाती साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत आहेत. बजरिगर, कॉकाटील आणि पीचफेस लवबर्ड हे ठळक अपवाद. कोन्यूर, मकाव, काकातुआ, आफ्रिकन ग्रे हे सगळे यादीत आहेत. आफ्रिकेतल्या जंगलांतून ग्रे इतके पकडले गेले की २०१६ साली त्याला सर्वांत कडक यादीत टाकावं लागलं. भारतात फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम निघाले आणि यादीतला पक्षी बाळगणाऱ्यानं केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करणं, तसंच जन्म, मृत्यू आणि हस्तांतर कळवणं बंधनकारक झालं. विकणारा नोंदणीचे कागद देत नसेल तर तिथून पक्षी घेऊ नका.

आता वयाचा हिशेब. बजरिगर पाच ते दहा वर्षं जगतो, लवबर्ड दहा ते पंधरा, नीट सांभाळलेला कॉकाटील पंधरा-वीस. मिठू पंचवीस-तीस गाठतो. आफ्रिकन ग्रे चाळीस-पन्नास आणि मोठा मकाव त्याच्याही पुढे जाऊ शकतो. मुलाला दहावीच्या निकालाचं बक्षीस म्हणून घेतलेला ग्रे त्या मुलाच्या निवृत्तीपर्यंत जिवंत असू शकतो. मधल्या काळात शिक्षण, नोकरी, लग्न, बदली, परदेश, आजारपण सगळं येणार. पोपटाला दुसरं घर शोधावं लागतं ते बहुधा याच कारणांनी. मालक वाईट असतो असं क्वचितच असतं.

या पक्ष्यांना डोकं किती असतं हे अमेरिकी संशोधक आयरीन पेपरबर्ग यांनी जगाला दाखवून दिलं. त्यांनी १९७७ मध्ये शिकागोच्या एका दुकानातून साधा आफ्रिकन ग्रे घेतला आणि त्याचं नाव ठेवलं अॅलेक्स. तो शंभरावर वस्तू, रंग, आकार ओळखून त्यांची नावं सांगायचा, सहापर्यंत मोजायचा आणि दोन वस्तूंत काय सारखं, काय वेगळं हेही सांगायचा. २००७ मध्ये तो गेला. असं डोकं दोन फुटांच्या पिंजऱ्यात एक दांडी, एक वाटी आणि एक घंटा यांच्या सोबतीनं वर्षानुवर्षं ठेवलं तर काय होईल, याचा विचार पक्षी आणण्याआधी करायला हवा.

पिंजरा कसा असावा

दुकानात मिळणारा गोल, घुमटाचा, शोभेचा पिंजरा पोपटासाठी निरुपयोगी. पक्षी वरखाली उडत नाही, आडवा उडतो. म्हणून पिंजऱ्याला उंचीपेक्षा रुंदी हवी. किमान माप म्हणजे दोन्ही पंख पूर्ण पसरून कुठेही न टेकता वळता आलं पाहिजे आणि एका दांडीवरून दुसरीवर जाताना पंख मारावे लागले पाहिजेत. त्याहून मोठा जमला तर घ्याच. गजांमधलं अंतर डोकं बाहेर जाणार नाही इतकं असावं; बजरिगर आणि लवबर्डला अर्धा इंच ठीक. स्वस्त जाळीवर जस्ताचा मुलामा असतो, पोपट तो चोचीनं सोलतो आणि जस्ताची विषबाधा होते. पावडर कोटिंगचा किंवा स्टीलचा पिंजरा महाग पडतो, पण तो एकदाच घ्यायचा असतो.

पिंजऱ्यासोबत येणाऱ्या गुळगुळीत, एकाच जाडीच्या प्लास्टिकच्या दांड्या काढून टाका. पाय दिवसरात्र एकाच जागी दाबले जाऊन तळव्याला फोड येतात. पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या फांद्या आणा, फवारणी न झालेल्या झाडाच्या. घासून धुवा, कडक उन्हात वाळवा आणि जाड-बारीक मिसळून लावा. महिन्याभरात पोपट त्यांचा भुगा करील. तसंच व्हायला हवं. ते त्याचं काम आहे आणि फांदी फुकट मिळते.

जागा निवडताना एक बाजू भिंतीला लागेल असं बघा, म्हणजे पक्ष्याला पाठीमागून धोका वाटत नाही. घरातली माणसं जिथे बसतात तिथेच दिवसा तो असावा, कारण तुम्हीच त्याचा थवा आहात. स्वयंपाकघर मात्र वर्ज्य. कारण पुढे सांगतो. बाल्कनीत एकटं टांगून ठेवू नका. मांजर, घूस, कावळे, घार यांतलं कोणीतरी येतंच आणि नुसती भीतीही पक्ष्याचा जीव घेऊ शकते. कोवळं ऊन मात्र रोज थोडा वेळ द्या, तुम्ही शेजारी बसून, पिंजऱ्याचा अर्धा भाग सावलीत ठेवून. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचा ड जीवनसत्त्वासाठी उपयोग नाही, कारण लागणारे किरण काच अडवते.

झोपेचं लोक फार हलकं घेतात. पोपटाला दहा ते बारा तास शांत अंधार लागतो. हॉलमध्ये रात्री अकरापर्यंत टीव्ही चालतो आणि सकाळी सहाला दूधवाला बेल वाजवतो, त्या घरातला पोपट चिडका होणारच. रात्रीसाठी आतल्या खोलीत दुसरा छोटा पिंजरा ठेवला तर प्रश्न मिटतो. कॉकाटील रात्री सावली हलली तरी दचकतो आणि अंधारात पंख आपटून रक्तबंबाळ होतो. त्याच्यासाठी मंद दिवा चालू ठेवावा.

रोज दोन-तीन तास पिंजऱ्याबाहेर काढलंच पाहिजे. त्याआधी छताचा पंखा बंद, खिडक्या-दारं बंद, बादलीवर झाकण, आरशावर पडदा. पंखा पुन्हा लिहितो, कारण आपल्या घरांत पाळीव पोपट दगावण्याचं ते अगदी नेहमीचं कारण आहे. बटणावर कागद चिकटवा, म्हणजे पाहुणा सहज लावणार नाही. पंख कापण्याच्या मी विरोधात आहे. उडणं हाच पोपटाचा व्यायाम, त्यावरच त्याचं हृदय आणि फुप्फुस चालतं; कापलेल्या पंखांचा पक्षी टेबलावरून दगडासारखा पडतो आणि छातीचं हाड दुखावून घेतो.

हवा

पक्ष्याचं फुप्फुस आपल्यापेक्षा कितीतरी कार्यक्षम असतं. त्याला जोडलेल्या हवेच्या पिशव्या अंगभर पसरलेल्या असतात आणि हवा फुप्फुसातून एकाच दिशेनं सतत वाहत राहते. उडायला लागणारा प्राणवायू असाच मिळतो, पण हवेतलं विषही तितक्याच वेगानं भिनतं. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला की त्याच्या लेपातून निघणाऱ्या वायूनं पोपट काही मिनिटांत मरतो. माणसाला वासही येत नाही. ज्या घरात पोपट आहे तिथे लोखंडी तवा आणि स्टीलची कढई वापरा. काही इस्त्र्या, एअर फ्रायर आणि रूम हीटर यांवरही तोच लेप असतो. डासांची कॉइल, धूप, उदबत्ती, कापूर, मिरचीची फोडणी, रंगकाम, परफ्यूमचे फवारे हे सगळं पक्ष्यापासून लांब. देवघर पिंजऱ्याशेजारी असेल तर पिंजरा हलवा. दिवाळीत आतल्या खोलीत, खिडक्या लावून, पडदे ओढून ठेवा. शक्य असेल तर त्या चार दिवसांसाठी गावाकडच्या शांत घरी न्या.

पोटपाणी

पाळीव पोपट आजारी पडतात ते बहुधा खाण्यामुळे. डब्यातलं सूर्यफुलाचं बी त्याला आवडतं, कारण त्यात तेल आहे. रानात मैलोनमैल उडणाऱ्या पक्ष्याला ते चाललं असतं. पिंजऱ्यातल्या पक्ष्याच्या यकृतावर चरबी चढते, चोच वेडीवाकडी वाढते, पिसं निस्तेज होतात. बियांत अ जीवनसत्त्व जवळजवळ नसतं आणि कॅल्शियमही फार कमी. अ जीवनसत्त्व कमी पडलं की नाकपुड्या चोंदतात, तोंडात पांढरट चट्टे येतात, वरचेवर संसर्ग होतो. कॅल्शियम कमी पडलं की मादीचं अंडं आत अडकतं आणि आफ्रिकन ग्रेला झटके येतात.

यावरचा उपाय आपल्याच मंडईत आहे. गाजर, लाल भोपळा, उकडलेलं रताळं, ढोबळी मिरची, शेवग्याची कोवळी पानं, मेथी, कोथिंबीर, मक्याचं कणीस रोज आलटूनपालटून द्या. पालक अधूनमधून, थोडाच. मोड आलेले मूग आणि मटकी उत्तम, मात्र खळखळून धुवा आणि उन्हाळ्यात दोन तासांत उचला, नाहीतर आंबतात. राजमा, वाल यांसारखी कडधान्यं कच्ची नकोत, पूर्ण शिजवूनच. फळं कमी: पेरू, पपई, डाळिंब, आंब्याची फोड. हिरवी मिरची खुशाल द्या; तिखटपणा जाणवणारी यंत्रणा पक्ष्यांत मिरचीला दाद देत नाही, त्याला ती नुसती रसरशीत भाजी लागते. चांगल्या कंपनीचे पेलेट्स, म्हणजे पोपटांसाठी तयार केलेले खाद्याचे गोळे, मिळत असतील तर निम्म्याहून थोडा जास्त भाग त्यांचा ठेवता येतो. राळं, बाजरी, ज्वारी द्यायची तर कणसासकट टांगा, म्हणजे अर्धा तास कामात जातो. कॅल्शियमसाठी कटलबोन, म्हणजे आपला समुद्रफेस, पिंजऱ्याला कायम अडकवलेला असू द्या.

अॅव्होकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा-लसूण, मीठ, तळलेलं, सफरचंदाच्या बिया आणि दारूचा थेंबही वर्ज्य. दूध पक्ष्याला पचत नाही. चहात बुडवलेलं बिस्कीट आणि दूधपोळी हा मिठूचा पिढीजात खुराक कित्येक घरांत चालतो. प्रेमानंच देतात, पण तो बंद करायला हवा. जुने, खवट शेंगदाणे तर अजिबात नकोत, त्यांवरच्या बुरशीचं विष यकृत खातं.

वर्षानुवर्षं बियांवर वाढलेला पोपट गाजर बघून खात नाही आणि इथेच लोक हरतात. त्याला ते खाणं आहे हेच माहीत नसतं. पहिल्या दिवशी किसलेल्या गाजराची वाटी आत ठेवली की तो दांडीच्या टोकाला सरकतो, पिसं अंगाला घट्ट आवळून उंच होतो आणि एका डोळ्यानं वाटीकडे बघत राहतो. दोन-तीन दिवसांनी खाली उतरतो, एक कीस चोचीत उचलतो आणि झटका देऊन भिंतीवर उडवतो. घरचे म्हणतात, बघा, टाकून देतोय. पण उडवताना जीभ लागलेली असते, सुरुवात तीच. मग पिंजऱ्याशेजारी बसून तुम्ही स्वतः गाजर चावा, आवाज करत, मिटक्या मारत. थवा जे खातो ते खाण्याजोगं, हे पोपटाच्या स्वभावातच आहे. मग एक दिवस तो तुमच्या हातातला तुकडा ओढून घेतो, एका पायात धरतो आणि कडेकडेनं खरवडू लागतो. हे सगळं सकाळी भुकेच्या वेळी करायचं. संध्याकाळी नेहमीचं बी ठरावीक मापानं द्यायचंच. उपाशी ठेवून वळण लावू नका, लहान पक्षी एक-दोन दिवसांच्या उपासानंही दगावतो. हे सगळं व्हायला दोन-तीन महिने लागू शकतात.

या काळात रोज सकाळी वजन करा. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा पुरतो. कॉकाटीलचं वजन साधारण ८० ते १०० ग्रॅम असतं. त्यात दहा ग्रॅम घटणं म्हणजे माणसाचं सहा-सात किलो एकदम उतरणं. वजन दहा टक्के घटलं तर बदल थांबवा आणि डॉक्टर गाठा.

आणखी एक. अन्न वाटीत आयतं देऊ नका. वर्तमानपत्राच्या पुडीत बांधा, करवंटीत ठेवून वर मक्याची सालं कोंबा, फांदीच्या भोकात दाणे घाला. पिसं उपटणाऱ्या पक्ष्याची आधी डॉक्टरांकडून तपासणी करावी. शारीरिक कारण निघालं नाही, तर सर्वांत जास्त फरक मी याच गोष्टीनं पडलेला बघितलाय.

वागणं आणि आजार

सकाळी आणि संध्याकाळी पोपट ओरडणारच, थवा तेव्हाच एकमेकांची खबर घेतो. तुम्ही दुसऱ्या खोलीत गेल्यावर तो हाक मारतो तेव्हा ओरडून गप्प करू नका. शीळ घालून उत्तर द्या. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं. डोळ्यांच्या बाहुल्या भराभर लहानमोठ्या होत असतील, शेपटी पसरली असेल, तर हात लांब ठेवा. कुरवाळायचं ते फक्त डोकं आणि मान. पाठीवर, पंखांखाली हात फिरवला की पक्ष्याला तो जोडीदाराचा इशारा वाटतो. मग अंडी, आक्रमकपणा, मत्सर सगळं मागोमाग येतं.

पोपट आजार लपवतो, कारण रानात दुबळा दिसणारा आधी शिकार होतो. म्हणून पिसं फुगवून तळाशी बसलेला, श्वासागणिक शेपटी हलवणारा, दिवसा झोपाळलेला पक्षी दिसला तर आजार आधीपासूनच मुरलेला आहे असं समजा. सकाळपर्यंत वाट बघू नका. उबेत ठेवा आणि पक्ष्यांचं काम करणाऱ्या डॉक्टरांकडे न्या. मुंबईत परळचं बैलघोडा रुग्णालय १८८३ पासून आहे आणि तिथे पक्षीही बघतात. बाकी ठिकाणी पक्षी घेण्याआधीच असा डॉक्टर शोधून ठेवा. दुकानदारानं दिलेली पाण्यात मिसळायची पावडर देऊ नका. घरात कुणाला ताप आणि कोरडा खोकला बरेच दिवस राहिला तर आपल्या डॉक्टरांना घरात पोपट असल्याचं सांगा. सिटॅकोसिस हा जीवाणूचा आजार पोपटांकडून माणसाला होतो आणि वेळेवर कळला तर औषधानं बरा होतो.

दुसरं घर शोधताना

मिठू घरात असेल आणि त्याला मोकळं करावंसं वाटत असेल तर खिडकी उघडू नका. हातावर वाढलेल्या पक्ष्याला अन्न शोधता येत नाही, घारी-शिकऱ्यापासून लपता येत नाही, पंखांत ताकद नसते आणि माणसाची भीती नसल्यामुळे तो पुन्हा कुणाच्या तरी पिंजऱ्यात जातो. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा किंवा जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात जा. नागपुरात सेमिनरी हिल्सवर वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, पुण्यात रेस्क्यू ही संस्था वनविभागाच्या बरोबरीनं काम करते. अशा ठिकाणी पक्षी आधी तपासतात, मोठ्या जाळीदार दालनात स्वजातीयांसोबत ठेवतात, पंखांत बळ येऊ देतात आणि तयार झाला तरच सोडतात. सगळेच सुटत नाहीत. केस होईल या भीतीनं कित्येक जण अंधारात पिंजरा उघडतात, तेव्हा खरी शिक्षा पक्ष्याला होते.

परदेशी पोपट तर कधीच सोडायचा नाही. तो उपाशी मरतो, आणि जगलाच तर चोच-पिसांचा विषाणू रानातल्या पोपटांना देऊ शकतो.

परदेशी पक्ष्यासाठी घर शोधताना घाई करू नका. ‘फुकट देणे आहे’ अशी जाहिरात टाकली की पैदास करणारे आणि पुन्हा विकणारे आधी येतात. येणाऱ्याला दोन-तीनदा घरी बोलवा, पक्षी त्याच्या हातावर जातो का बघा आणि मग त्याच्या घरी जाऊन या: पंखे कुठे आहेत, तवा कोणता, दिवसभर घरात कोण असतं. भाडेकरू असेल तर घरमालकाला चालतं का तेही विचारा. पक्ष्याचा जुना पिंजरा, जुन्या फांद्या आणि खेळणी सोबत द्या. एक पानभर लिहून द्या: काय खातो, कधी झोपतो, कशाला घाबरतो, कोणते शब्द बोलतो आणि त्या शब्दांवर घरात काय उत्तर मिळायचं, डॉक्टर कोण. ‘आई आली का’ असं म्हणून तो थांबत असेल तर नव्या घराला उत्तर माहीत असायला हवं.

घेणाऱ्यांसाठी: मोठ्या वयाचा पक्षी शिकत नाही, जीव लावत नाही, हे साफ खोटं आहे. पोपट दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही माणूस जोडतो. पिल्लू आणण्याआधी असा पक्षी जरूर बघा. घरात दुसरे पक्षी असतील तर नव्याला महिना-दीड महिना वेगळ्या खोलीत ठेवा. पहिला आठवडा हात लावू नका, नुसतं शेजारी बसा, वाचा, बोला. जुना खुराक वाईट असला तरी सुरुवातीला तोच ठेवा आणि वजन स्थिरावल्यावर गाजराकडे वळा. पहिले काही आठवडे गोड, शांत वागून मग तो चावायला लागला तर घाबरून परत पाठवू नका. आता कुठे तो बिचकणं सोडून आपलं म्हणणं सांगू लागलेला असतो.

पक्षी साइट्सच्या यादीतला असेल तर परिवेशवर हस्तांतराची नोंद आणि नव्या मालकाचं नाव झाल्यावरच पिंजरा उचला. आणि तुमच्याकडे ग्रे किंवा मकाव असेल तर तुमच्यानंतर तो कुणाकडे जाणार हे आजच त्या माणसाशी बोलून, लिहून, घरच्यांना दाखवून ठेवा; त्याला अधूनमधून घरी बोलवत जा, म्हणजे पक्ष्याला तो माणूस ओळखीचा होईल.